जावईबापूंची गांडुळं

१९ जुलै २०२३, बुधवार

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, काकूंनी रोज काय केलं, काय खाल्लं, कशाकडे पाहिलं ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. नलिनीने आज काही केलं नाही. दोन घास खिचडी खाल्ली. भिंतीकडे पाहिलं. झालं लिहून.

पान बरंच उरलं आहे, तर माझंही लिहितो. जूनमध्ये नलिनीला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिले तीन महिने महत्त्वाचे. नलिनीबाईंनी मनावर घेतलं तर बोलतील, हात उचलतील. नाही घेतलं तर आहे तेच कायम. आणि ती मनावर घेत नाही. घरी आणलं त्याच दिवशी बेडपॅन कलंडलं, चादर, गादी, सगळं. माझ्या तोंडून 'शी' निघालं, मी नाकाला रुमाल लावून अंगणात गेलो आणि ओकलो. माझं पोट लहानपणापासून नाजूक आहे, त्याला मी काय करणार. कमलने सगळं आवरलं. ती घरकामाला सकाळ-संध्याकाळ येते. त्या दिवसापासून नलिनी भिंतीकडे तोंड करून असते. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, अशा आजारात मन खचतंच.

तिने काहीतरी पाहावं म्हणून बैठकीतली माशाची काचेची पेटी चार माणसं लावून तिच्या खोलीत आणली. आत एकच मासा आहे, वीतभर लांब, काळा-नारिंगी, जाड ओठांचा. नलिनी मोहगावच्या आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिने तो स्वतःला भेट घेतला. आम्हाला मुलगी नाही, सौरभ एकटा, तो भोपाळला. म्हणून माशाचं नाव जावईबापू. खाणं वेळेवर लागतं आणि जरा काही झालं की रुसून बसतो, म्हणाली, जावयाचे सगळे गुण आहेत. हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं की यंदा धोंड्याचा महिना आहे आणि यंदा आपल्याकडेही जावई आहे, मी धोंडे करणार. महिना कालच लागला. धोंडे कोण करणार आता?

जावईबापूही पेटी हलवल्यापासून कोपऱ्यात आडवे पडले आहेत. गोळ्या खात नाहीत. एका खोलीत दोघं, दोघांचंही तोंड भिंतीकडे.

२१ जुलै, शुक्रवार

बसने सौसरला जाऊन आलो. मासा जिथून आणला ते प्रज्ञाचं दुकान बसस्टँडजवळ आहे. पोरगी बोलायला फटकळ.

"जागा बदलली ना त्याची? ऑस्कर जातीचा मासा आहे थो, रुसते. गोळ्या नाई खात तं जिवंत काही द्या."

"जिवंत म्हणजे?"

तिने खालून एक ट्रे ओढला. पाण्यात एक लाल गोळा होता. मला वाटलं लोकरीचा आहे. मग तो हलला. सगळा मिळून हलला. केसाएवढे किडे, हजारो, एकमेकांत गुंतलेले, सगळ्यांची एक बाजू वर आणि ती वळवळते आहे. ती पोरगी उघड्या बोटांनी त्यातला लचका तोडून प्लास्टिकच्या पिशवीत टाकत होती आणि त्याच वेळी मला विचारत होती, काकूंची तब्येत कशी आहे जी. मी दाराबाहेर जाऊन उत्तर दिलं.

"फ्रिजमंदी ठेवा, पानी बदलत राहा," ती मागून म्हणाली.

फ्रिजमध्ये. जिथे दही असतं, देवाचं दूध असतं, तिथे.

परत येताना पिशवीचा कोपरा दोन बोटांत धरून बसलो. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, काय नेऊन राहिले? मी म्हटलं, औषध.

२२ जुलै, शनिवार

फ्रिजमध्ये ठेवणं मला जमलं नाही. फुटक्या माठात पाणी घालून अंगणात ठेवले होते. सकाळी झाकण काढलं तर पाणी गुलाबी, वर साय, आणि असा दर्प की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. सगळे मेले. प्रज्ञाला फोन केला तर ती म्हणते, थे थंडच ठेवा लागते, नालीतले किडे आहेत थे.

नालीतले. आता आमचा पांढुर्णा जिल्हा होणार म्हणतात, पण नाल्यांत असे जीव आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. माठ फोडून टाकला. दोनदा आंघोळ केली. हात अजून हुंगतो आहे.

नलिनी: भिंत. पेज, अर्धी वाटी.

२५ जुलै, मंगळवार

प्रज्ञा म्हणाली, तर मग गांडुळं द्या. शेजारच्या भैय्याजींच्या वाडीत संत्र्याच्या झाडांना घालायला गांडूळखताची टाकी आहे. भैय्याजी म्हणजे किराणावाले, देवमाणूस, पण कोणतीही गोष्ट गावभर करणारे. त्यांनी डबाभर दिली. लाल, चट्ट्यापट्ट्यांची, अंगात आलेल्यासारखी उसळणारी. सांडशीने उचललं तर त्या प्राण्याने पिवळा रस सोडला. त्या रसाच्या वासाला मी नाव देऊ शकत नाही. सडका लसूण म्हटलं तरी लसणाचा अपमान होईल. ही सांडशी आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नाक बांधून एक गांडूळ पेटीत टाकलं. जावईबापू उठले, गिळलं, आणि तितक्याच जोराने थुंकले. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकले. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते खाऊन दाखवावं. रुसवा वाढला.

पण एक लिहायचंच. माशाने थुंकलं तेव्हा शेपटीचा फटका बसून पाणी उडालं, आणि त्या आवाजाला नलिनीने मान वळवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. जरा वेळ पेटीकडे पाहिलं. मी तिच्यासमोर गेलो तर पुन्हा भिंत. तरी वळवली, हे खरं.

म्हणजे हा मासा खाऊ लागला पाहिजे. काही झालं तरी.

२८ जुलै, शुक्रवार

प्रज्ञा फोनवर हसली. "खतातले कोन देते जी? थे कडू राह्यते. साधे मातीतले पाहा, झाडाखाली." मग तिने सगळी रीत सांगितली ती अशी: गांडुळं ओल्या कापडात गुंडाळून भोकं पाडलेल्या डब्यात एक दिवस ठेवायची, म्हणजे त्यांच्या पोटातली माती बाहेर पडते. मग धुवायची. मोठं असेल तर तुकडे करायचे.

मी विचारलं, तुकडे कुणी करायचे? ती म्हणाली, आता मी येऊ का तिकून?

काल मोरीचं पाणी जिथे जातं तिथल्या अळूखाली खणलं. पावसाने माती मऊ आहे, पहिल्याच फावड्याला गांडुळं निघाली. हातात रबरी मोजे, तरी त्या मोज्यातून कळतं. ओढायला गेलं की ते लांब होतं, आणखी लांब होतं, आणि मग एकदम सुटतं. दर वेळी मी फावडं टाकून दोन पावलं मागे जातो. आज डबा उघडला तर कापडभर त्यांनी केलेलं. शेवयांसारखं. शेवया या जन्मी बंद.

मग कात्री. एकाचे दोन केले तर दोन्ही वळवळायला लागले, आणि कोणतं मेलं हेच कळेना. धोंड्याच्या महिन्यात लोक दानधर्म करतात, मुंगीला साखर घालतात. मी अंगणात बसून जीव कापतो आहे. देवाची क्षमा मागितली आणि पुढचं कापलं.

सांडशीने एक तुकडा पाण्यात सोडला. जावईबापू आडवे होते ते उभे झाले. घेतला. चघळला. गिळला. दुसरा घेतला.

मी मागे पाहिलं तर नलिनीचं तोंड या बाजूला होतं आणि ती बघत होती. मला नाही, माशाला. पण नंतर खिचडीचे चमच्यामागून चमचे घेतले, वाटी संपवली. मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे. नंतर उलटीही झाली.

३ ऑगस्ट, गुरुवार

आता मी या विषयातला जाणकार झालो आहे, कुणी अभिनंदन करायला येऊ नये. फिकट गुलाबी असतात ती चांगली. मातीच्या गोळ्यासारखी वेटोळी घालून बसतात ती मरायला टेकलेली. मेलेलं एक जरी डब्यात राहिलं तरी सगळा डबा जातो, आणि तो वास केसांत राहतो. इतका अभ्यास मी तहसील ऑफिसात बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क, असताना खात्याच्या परीक्षेचाही केला नव्हता.

सकाळी भैय्याजींनी कुंपणावरून पाहिलं.

"काय हरवलं जी, मोरेश्वरराव? रोज खोदून राहिले."

"काही नाही. अळू."

"अळू तं वरतं आहे." ते कुंपणाला टेकले. डबा पाहिला. "या महिन्यात? मारून राहिले तुमी?"

मी म्हटलं, नलिनीच्या माशासाठी आहे. ते कुंपणावरून हात करून म्हणाले, "तिकडं पपईखाली पाहा, मोठे सापडतीन." संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असणार. कळू दे.

कमल कालपासून आली नाही, तिच्या पोराला ताप आहे. नलिनीचं सगळं मीच केलं, पुसणं, बदलणं, धुणं, पाठीला पावडर. त्यामुळे गांडुळांना उशीर झाला. पपईखालची खरंच मोठी निघाली, करंगळीएवढी. त्यातलं एक कात्रीने कापताना पिचकारी माझ्या चष्म्यावर उडाली. इतकी घाण गोष्ट माझ्या आयुष्यात झालेली नाही. चष्मा साबणाने धुतला, मग गरम पाण्याने, मग आंघोळ.

नलिनी: पोळी दुधात कुस्करून. व्यायामात डाव्या हाताने उजवा हात धरून वरपर्यंत नेला. पेटीकडे तोंड, दिवसभर.

७ ऑगस्ट, सोमवार

आज मी घोटाळा केला.

नळाला परवापासून गढूळ पाणी आहे, चहासारखं. पावसाळ्यात आमच्याकडे हे दरवर्षीचं. घरोघरी तुरटी फिरवतात, गाळ खाली बसतो, वरचं पाणी ओतून घेतात. मीही फिरवली. फिरवता फिरवता सुचलं, की पिण्याचं पाणी तुरटीने इतकं स्वच्छ होतं तर ही गलिच्छ गांडुळं का होणार नाहीत? मला त्या चिकट अंगाचा वीट आला होता. वाडग्यात चांगली खडाभर तुरटी विरघळवली, त्यात गांडुळं टाकली. ती आखडली, पांढरी पडली, चिकटपणा गेला. मी खूश. पहिल्यांदा ती मला पाहवली. मग तेच डोकं आणखी चाललं. माशाच्या पेटीतलं पाणीही मळकट दिसत होतं. निम्मं काढलं आणि तुरटी फिरवलेल्या पाण्याने भरलं. वर समाधानासाठी खडा पेटीतही दोन फेरे फिरवला.

दुपारी ठण ठण आवाज आला. नलिनी डाव्या हातातला चमचा पलंगाच्या नळीवर आपटत होती, तोंडाने अं अं करत होती, आणि डोळे पेटीवर. जावईबापू वर तोंड काढून हवा खात होते. कल्ले फुगलेले, अंगावर पांढुरका बुळबुळीत थर.

प्रज्ञाला फोन केला.

"तुरटी? माशाले? काऊन जी?"

"स्वच्छतेसाठी."

तिने दुकानातल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "विहिरीचं पानी आहे का कुठं? पेटीत आहे थे थोडं थोडं काढा, विहिरीचं भरत राहा. एकदम नका करू. आन् आता रडू नका, काका, पानी काढा."

मी रडत होतो हे मला तिने सांगितल्यावर कळलं. भैय्याजींच्या विहिरीवरून बादल्या आणल्या. त्यांनी रहाट ओढला, मी वाहिलं, कमल मग्याने भरत राहिली. मी दर खेपेला खोलीत येत होतो तेव्हा नलिनी कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होती. एका कोपरावर. तिला उठता येतं हे आजच पाहिलं. पण असं पाहायचं नव्हतं.

संध्याकाळी मासा तळाशी गेला. जिवंत आहे. कल्ले हलतात.

८ ऑगस्ट, मंगळवार

मासा खात नाही. नलिनी खात नाही. तोंड भिंतीकडे.

तुरटी घराबाहेर फेकून दिली.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज एकादशी, पोटात काही नव्हतं, म्हणून गांडुळं कापताना ओकलो नाही. एवढाच फायदा.

जावईबापू बरे दिसतात. अंगावरचा थर गेला, रंग आला, पोहतात. पण तुकडा टाकला की बघतात आणि पाठ फिरवतात. लहान करून दिला, मोठा दिला, अख्खं दिलं. नाही. नलिनी दोन-चार चमचे पेजेवर आहे. व्यायामवाल्या बाई आल्या होत्या, नलिनीने त्यांना हातही लावू दिला नाही. जाताना त्या दारात मला हळूच म्हणाल्या, काका, दिवस निघून चाललेत. मला माहीत आहे दिवस निघून चाललेत.

सौरभचा फोन आला. म्हणतो, बाबा, एका माशासाठी तुम्ही काय हे करून राहिले, नवीन मासा आणा. मी म्हटलं, जावई बदलत नसतात. आणि फोन ठेवला. ती असती तर या उत्तरावर हसली असती. ती आहेच म्हणा. पलीकडच्या खोलीत आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

आज अमावास्या, धोंड्याचा महिना संपला. सकाळी स्वयंपाकघरात पुरणाचा वास आला. पाहतो तर कमल धोंडे उकडत होती. मी सांगितलं नव्हतं.

"काकू करनार होत्या ना," ती म्हणाली. "महिना तसाच जाऊ द्याचा का मंग?"

तिने ताटलीत दोन धोंडे, वर तूप, असं आणून नलिनीच्या उशाशी ठेवलं. नलिनीने डोळे उघडले, ताटली पाहिली, मिटले.

मी नेहमीसारखा मोजे घालून, सांडशीत गांडूळ धरून पेटीपाशी उभा राहिलो. जावईबापूंनी पाहिलं आणि पाठ फिरवली. तेव्हा मागून ठण ठण झालं. नलिनीचा चमचा. मी जवळ गेलो. तिने डाव्या हाताने माझा हात पकडला. मला वाटलं, तिला हात धरायचा आहे. पण तिने मोज्याचं टोक चिमटीत धरून ओढायला सुरुवात केली. ओढत राहिली, तिला जोर नाही, मोजा घट्ट. निघाला तेव्हा तिने तो जमिनीवर टाकला. मग दुसऱ्या हाताकडे पाहिलं. दुसरा मी काढून दिला. सांडशीही तिने काढून घेतली, आणि पेटीकडे बोट केलं.

तेव्हा समजलं. ती त्याला हातानेच भरवायची. गोळी दोन बोटांत धरायची आणि तो वर येऊन घ्यायचा. मी त्या वेळी नेहमी बैठकीतून उठून जात असे.

मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, माशाकडे नाही. मग काय करणार.

गांडूळ उघड्या बोटांनी धरलं. थंड असतं, ओलं असतं, आणि आत काहीतरी सतत पुढे सरकत असतं. बोटाला वेटोळं घालतं. लिहिताना पुन्हा शहारा येतो आहे. डोळे मिटून बोटं पाण्यात बुडवली. आधी काही झालं नाही. मग खरखरीत ओठ बोटांच्या टोकाला लागले आणि गांडूळ ओढलं गेलं.

"घेतलं," मी म्हणालो. "नलू, घेतलं त्याने." दुसरं दिलं, तेही घेतलं. तिसरं तर पाण्याबाहेर अर्धं येऊन घेतलं, माझी बाही भिजली. जावयाचा रुसवा गेला. मी त्याच आनंदात वळलो, ताटलीतला धोंडा मोडला, तुपात बुडवला आणि घास नलिनीच्या तोंडाशी नेला.

तिने ओठ मिटले. डाव्या हाताने माझं मनगट धरून मागे लोटलं. मला वाटलं, संपलं, हिने काही मनावर घ्यायचं नाही असं ठरवूनच टाकलं आहे. पण ती भिंतीकडे वळली नाही. माझ्या बोटांकडे बघत राहिली. तोंडाची एक बाजू वर गेली.

"शी," ती म्हणाली.

स्पष्ट. अगदी माझ्या चालीत, नाक मुरडून. दारात कमलच्या हातातली पातेली खाली पडली. "काकू बोलल्या जी," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मी बोटं पाहिली. नखांत माती, बोटांवर चिकट, आणि अंगठ्याला गांडुळाचा एक तुकडा अजून लागलेला, त्याच हाताने धोंडा. जिने सारी नोकरी बाळंतपणं आणि जखमा धुण्यात काढली तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात तो माझा होता.

मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. नखं घासली. पुन्हा धुतले. तिच्यापुढे येऊन दोन्ही हात धरले, आधी तळवे, मग उलटे करून, शाळेत प्रार्थनेनंतर दाखवायचो तसे. तिने एकेक बोट सावकाश पाहिलं. उजव्या करंगळीशी थांबली, मी ती धोतराला पुसली.

मग तिने तोंड उघडलं.